अंतर्कंप
अंतर्कंप : शरीर बाहेरून स्थिर असताना छाती, पोट, पाठीचा कणा किंवा हातपाय यांच्या आत थरथर होत असल्याची संवेदना. चालू यंत्राला टेकून बसल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. पुष्कळांना ती अंथरुणावर पडल्यावर अधिक जाणवते व झोपमोड होते. पाहणाऱ्यास मात्र काहीच दिसत नाही. त्यामुळे रुग्णाच्या सांगण्यावर घरच्यांचा, क्वचित वैद्याचाही, विश्वास बसत नाही. हा अविश्वास मूळ पीडेइतकाच जाचक ठरतो.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत कंपवाताच्या (पार्किन्सन रोगाच्या) १०० रुग्णांपैकी ४४ जणांनी अशी संवेदना नोंदविली होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या तंत्रिका तंत्राच्या रोगातही ती आढळते. अवटू ग्रंथीचा अतिस्राव, रक्तातील साखर घटणे, तीव्र चिंता व कॉफीचे अतिसेवन यांमुळेही आतून थरथरल्यासारखे होते. २०२० नंतर कोविड-१९ होऊन गेलेल्या काही रुग्णांत ही तक्रार महिनोन्‌महिने टिकली. अनेकदा सर्व तपासण्या निर्दोष येतात. तेवढ्यावरून संवेदना काल्पनिक ठरत नाही.

मूळ कारण सापडल्यास त्यावर उपचार करतात. अन्यथा खात्रीचे औषध नाही. बेंझोडायाझेपीन वर्गातील शामकांनी काहींना तात्पुरता आराम पडतो. परंतु दीर्घकाळ घेतलेली ही औषधे एकाएकी सोडल्यास कंप बळावतो, प्रसंगी झटकेही येतात. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात.