ओव्हन केवढा घ्यावा?

मैत्रिणींनो, ओव्हन घेताना आपण लिटर विचारतो, रंग विचारतो. स्वयंपाकघर किती तापेल, हे कुणी विचारत नाही. सांगलीच्या माझ्या वहिनीने ६० लिटरचा घ्यायचं ठरवलंय. माझा साताऱ्यातला १९ लिटरचा. "ताई, तुमचा भातुकलीतला!" म्हणाली. असू दे. पण तिचं स्वयंपाकघर दहा बाय दहाचं, वर तापलेला स्लॅब, त्यात सांगलीचा मे महिना, आणि तिथेच आई भाजी निवडत बसते. वय सत्तरीपुढचं.

ओव्हन जेवढी वीज ओढतो, ती सगळी उष्णता होऊन शेवटी खोलीतच येते. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. लहान ओव्हन १२०० वॅटचा असला, तर कांड्या लाल असेपर्यंत डझनभर पाहुणे ओट्याशी उभे! मोठा २००० वॅटचा, म्हणजे वीस. (चहा मागत नाहीत, एवढंच.) तापल्यावर कांड्या बंद-चालू होतात हे खरं, पण मोठ्याचा पत्रा जास्त, धग सोडणारं अंग जवळजवळ दुप्पट. आत एक केक ठेवा नाहीतर चार, तो तापणारच. म्हणून वहिनीला मी २५-३० लिटरचा सुचवलाय. ऑर्डरी घेणारीला मात्र मोठाच बरा. लहानात एकामागून एक चार घाणे काढले तर खोली तासन् तास तापते.

मायक्रोवेव्हही हजार-बाराशे वॅट ओढतो, पण पाच-सात मिनिटांत उरकतो. गॅसची तऱ्हा वेगळी. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणून ती धग चिकट लागते.

पूर्वी नानकटाईचं पीठ मळून डबा बेकरीत नेत. भट्टीची धग बेकरीवाल्याकडेच राही. उन्हाळ्यात मला अजून तेच पटतं.

घरीच भाजायचं तर सकाळी लवकर. भाजून झाल्यावर ओव्हनचं दार उघडं ठेवलं काय नि बंद ठेवलं काय, उष्णता तेवढीच. फक्त लवकर बाहेर येते की सावकाश. एक्झॉस्ट लावाल तेव्हा समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता घरघरतो.