जुन्या नौकेची खरेदी : काही प्रचलित गैरसमज

धानाच्या बांध्या, सागाची राने आणि मे महिन्यात ४६ अंशांच्या पुढे जाणारा पारा एवढ्या भांडवलावर ज्या ब्रह्मपुरीची ख्याती उभी आहे, त्या गावात शिडाच्या नौकेच्या खरेदीची चर्चा निघावी हे परक्याला विस्मयकारक वाटेल. परंतु येथील चहाच्या टपरीवर ज्याने एखादी संध्याकाळ घालविली आहे त्याला ठाऊक असते की, नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम खात्यावर जमा झालेले गृहस्थ स्वप्ने पाहू लागले म्हणजे अरबी समुद्र दोनशे कोसांहून दूर आहे ही बाब त्यांना फारशी अडवीत नाही. कोकणातल्या कुठल्याशा खाडीत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पलीकडे, एक तीस फुटी जुनी नौका मोटारसायकलीच्या किमतीत मिळते आहे, डोलकाठी शाबूत आहे, तळ सागवानी आहे, फक्त थोडी डागडुजी हवी आहे, अशी वार्ता एकदा कानी आली की हिशेबी माणसाचाही विवेक डळमळतो. या वार्तेत असत्य बहुधा काही नसते. तिच्यावरून जी अनुमाने काढली जातात ती मात्र बहुतांशी चुकीची असतात, आणि त्यांचाच येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

पहिला आणि सर्वांत दृढमूल गैरसमज असा की, किंमत कमी म्हणजे नौका स्वस्त. वस्तुतः अशा व्यवहारात जी स्वस्ताई दिसते ती नौकेची नसून ती जेथे पडली आहे त्या जागेची असते. तीच नौका, त्याच फळ्या आणि त्याच शिडांसह, मुंबईच्या बंदरात उभी असती तर तिला कितीतरी अधिक दाम आले असते. कारण तेथे सुतार आहे, शिडे शिवणारा आहे, नौका पाण्याबाहेर उचलणारी क्रेन आहे आणि इंजिनाचा तुटलेला भाग दुसऱ्या दिवशी मिळण्याची आशा आहे. आडवळणाच्या खाडीत यांतील एकही गोष्ट नसते, म्हणूनच मूळ मालक कंटाळलेला असतो, आणि त्याचा कंटाळा आपण खरेदीखतासह विकत घेतो. त्याउपर पावसाळा आहे. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद राहते, त्यापूर्वीच मच्छीमार आपापल्या नौका ओढून वर काढतात आणि शाकारून ठेवतात. तुमची नौका कोण ओढणार, तिच्यावर झाप कोण घालणार, वादळी रात्री दोर कोण तपासणार, याची तजवीज रोख मोबदल्याने करावी लागते आणि ती दरवर्षी करावी लागते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण रचणाऱ्याने नौका पाहिली नसावी, एरवी मसाल्याचा आकडा त्याने निश्चितच वाढविला असता.

येथे प्रतिपक्षाकडून दोन उदाहरणे हटकून पुढे केली जातात. एक 'तृष्णा'चे : भारतीय सैन्याच्या अभियंता दलाने इंग्लंडमध्ये वापरलेली नौका विकत घेतली, ती ३७ फुटी नौका समुद्रमार्गे मुंबईला आणली आणि १९८५ च्या सप्टेंबरात निघून १९८७ च्या जानेवारीत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. दुसरे 'सुहेली'चे, की जी मुंबईतच सागवानात बांधली गेली आणि जिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये, ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घातला. उदाहरणे खरी आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. 'तृष्णा' जुनी असली तरी टाकलेली नव्हती. ती चालत्या स्थितीत, कारागिरांनी गजबजलेल्या देशात घेतली गेली, आणि तिच्यामागे एक संपूर्ण सैन्यदल, त्याच्या कर्मशाळा आणि त्याचा खजिना होता. 'सुहेली' तर त्या वेळी चार वर्षांचीही झाली नव्हती. तरीही अटलांटिक महासागरात तिच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांना स्वतः पाण्याखाली बुडी मारून फटींत कापूस ठोसावा लागला, त्यावर कॅनव्हासची आणि शेवटी तांब्याची पट्टी खिळ्यांनी बसवावी लागली. जिच्या बांधणीचा सर्व वृत्तांत मालकाला ठाऊक होता त्या नव्या नौकेची ही कथा. मग जिच्या मागील दहा वर्षांचा इतिहास केवळ विकणाऱ्याच्या तोंडून कळतो तिचे काय? दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'वरून एकट्याने प्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर नव्याने बांधली गेली आणि बांधणीच्या काळात दोंदे स्वतः तेथे हजर होते, ही गोष्ट त्यांच्या पराक्रमाचे गुणगान करताना सोयीने वगळली जाते.

सागवानाविषयी आमच्या जिल्ह्यात बोलणे म्हणजे घरच्या दैवताविषयी बोलणे होय. बल्लारपूरच्या आगारातले लाकूड २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी रवाना झाले, तेव्हापासून तर सागवान अविनाशी आहे ही श्रद्धा येथे अधिकच बळावली आहे. परंतु टिकाऊपणा आहे तो खोडाच्या गाभ्याला. त्या गाभ्यातील नैसर्गिक तेल आणि तत्सम द्रव्ये बुरशीला व वाळवीला दूर ठेवतात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला असे कवच नसते, आणि घाईने किंवा काटकसरीने बांधलेल्या नौकेत तीच पांढरी फळी रंगाखाली निमूटपणे बसलेली असते. शिवाय नौका म्हणजे केवळ लाकूड नव्हे. फळ्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजतात, फुगतात आणि भोवतीचे लाकूड भुसभुशीत करतात, तेव्हा सागवान साबूत राहूनही नौका सुटी होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली मलबारी सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे, हे सागप्रेमींनी अभिमानाने सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे की तिची दुरुस्ती १९९० साली सुरू झाली ती २००१ साली संपली.

खारे पाणी लाकडाला खाते आणि गोडे पाणी त्याला मानवते, हा समज जवळजवळ उलटा आहे. पूर्ण बुडालेल्या लाकडात बुरशीला लागणारी हवा राहत नाही, त्यामुळे तळ सहसा कुजत नाही; कुज लागते ती वर, पावसाचे गोडे पाणी जेथे झिरपून कोंडते अशा फळीच्या टोकाशी, डोलकाठीच्या बुंध्याशी, झाकणांच्या कडांखाली. खाऱ्या पाण्याचा शत्रू निराळा आहे : लाकडात बोटाएवढे बोगदे पाडणारा, लोक ज्याला किडा म्हणतात परंतु जो वस्तुतः शिंपल्यांच्या कुळातला आहे असा एक मृदुकाय प्राणी. त्याचे प्रवेशद्वार टाचणीच्या टोकाएवढे असते, म्हणून बाहेरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून पोकळ निघू शकते. फायबरच्या नौकेला यांतले काही होत नाही हे खरे. पण दोन थरांमध्ये हलके लाकूड भरलेले असल्यास, एखाद्या सैल बोल्टाच्या छिद्रातून पाणी आत शिरते आणि ते लाकूड वर्षानुवर्षे, कोणाच्याही नजरेस न पडता, लापशी होत राहते. तेव्हा 'फायबर आहे, काही होत नाही' या आश्वासनावर विसंबू नये.

मग पाहावे कसे? रंग पाहू नये, कारण विक्रीपूर्वी सर्वप्रथम रंगच लावला जातो. लाकडी हातोडीने तळ ठोकीत जावे. निकोप फळी खणखणीत बोलते आणि कुजलेली थबथब असा मंद आवाज काढते. संशय आल्या ठिकाणी बारीक टोच्या लावावा; तो दाबल्याबरोबर आत गेला तर तेथेच बोलणी थांबवावीत, आणि मालक टोच्या लावू देत नसेल तर त्याचाही अर्थ तोच समजावा. शिडाच्या कापडाकडे सगळे पाहतात, त्यावरील शिवणीकडे कोणी पाहत नाही. उन्हाने कापडाआधी दोरा मरतो, अंगठ्याच्या नखाने शिवण खरवडली की तो तुटून हाती येतो, आणि अशी शिडे पहिल्याच वाऱ्यात उभी फाटतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून जुने फडके फिरवावे. एखाद्या तुटलेल्या सुताला ते अडकले, तर सगळ्या तारा बदलण्याचा खर्च किमतीत धरावा, कारण एक तार गेली की पाठोपाठ डोलकाठी जाते. हे सर्व पावसाळा संपताच, सप्टेंबरच्या अखेरीस, नौकेवर एक रात्र मुक्काम करून पाहावे. पहाटे तळाशी किती पाणी साचले आहे ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सत्य बोलते.

कागदपत्रांविषयीचा गैरसमज अधिक धोक्याचा आहे. पुष्कळांना वाटते की नौका जंगम मालमत्ता असल्याने पैसे दिले आणि ताबा घेतला की व्यवहार पुरा झाला. सागरी दाव्यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय अधिनियमानुसार खलाशांचा थकलेला पगार, बंदराचे शुल्क, नौका वाचविणाऱ्याचा मोबदला असे काही बोजे नौकेलाच चिकटतात आणि मालक बदलला तरी तिच्याबरोबर जातात. त्यांची मुदत साधारणतः एक वर्षाची आणि पगाराच्या बाबतीत दोन वर्षांची आहे. जमिनीचा सातबारा आणि फेरफार पाहिल्यावाचून इसार न देणारा आमचा शेतकरी नौकेपुढे मात्र एकाएकी भाबडा होतो याचे मला नवल वाटते. नोंदणीचा दाखला, मागील खरेदीखतांची साखळी, बंदराचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि विक्रेता स्वतः मालक नसून मुखत्यार असल्यास त्याचे मुखत्यारपत्र, हे दप्तर डोळ्यांखालून घातल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. बिनइंजिनाच्या नावेला नोंद लागत नाही हेही आता खरे नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयानांविषयीचा २०२१ चा कायदा आला आहे, आणि त्यात यंत्रावर न चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूद आहे.

एवढे झाल्यावर आमच्या गृहस्थांचा शेवटचा बेत पुढे येतो : नौका येथेच आणू, वैनगंगेत सोडू. सडकेने आणावी तर मालमोटारीची कायदेशीर रुंदी सुमारे २.६ मीटर, आणि 'सुहेली'सारख्या ३२ फुटी नौकेची ११ फुटांहून अधिक. म्हणजे अवाढव्य मालाचा खास परवाना, आठशे किलोमीटरांहून अधिक वाट, आणि दोन्ही टोकांना क्रेन. नदीने आणू म्हणणाऱ्यांनी इतिहासाचे एक पान उलटावे. अभियंते आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरी, प्राणहिता आणि वैनगंगा-वर्धा यांमधून वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्रापर्यंत नेण्याचा घाट इंग्रज सरकारने घातला होता. खडकांचे तीन मोठे अडथळे वाटेत होते, त्यांपैकी तिसरा अहेरीकडे देवलमरीजवळ प्राणहितेवर. वर्षानुवर्षे पैसा ओतल्यावर १८७१ साली सरकारने ते काम सोडून दिले. साम्राज्याला जे परवडले नाही ते भविष्यनिर्वाह निधीला परवडेल असे मानण्यास आधार नाही, विशेषतः आता वाटेत सिरोंचासमोरचा मेडीगड्डा आणि चामोर्शी तालुक्यातला चिचडोह असे पाणी अडविणारे बंधारे उभे असताना. राष्ट्रीय जलमार्गांच्या २०१६ च्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचे नाव आहे, असे यावर कोणी सांगतो. यादीत नाव आल्याने पात्रात पाणी येत नाही.

आणि आणलीच, तर ती तरंगणार कोठे? 'सुहेली'ला साडेपाच फूट खोल पाणी लागते. एप्रिलमध्ये ब्रह्मपुरी आणि आरमोरी यांच्या मधल्या पात्रात वाळूच्या दांड्यांवरून माणसे चालत असतात, आणि ऑगस्टमध्ये गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की तीच नदी गावे गिळू पाहते. २०२० च्या ऑगस्टअखेरीचा पूर येथे कोणी विसरलेले नाही. मधल्या कोरड्या महिन्यांत नौका काठावर ठेवावी तर आमचे ऊन फळ्या इतक्या आकसविते की सांध्यांतून पलीकडचा काठ दिसावा.

या पात्राला साजेशी नाव येथे पूर्वीपासून आहे. उथळ तळाचा, शिडावाचून बांबूने रेटला जाणारा ढिवरांचा डोंगा वीतभर पाण्यातही चालतो, आणि वैनगंगेने चहूबाजूंनी वेढलेल्या लाडजसारख्या गावाचे दळणवळण नावांवरच चालत आले आहे. जुना डोंगा घेणेही सोपे नव्हे : २०२४ च्या जानेवारीत गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या स्त्रियांची नाव उलटून सहा जणींचा अंत झाला, आणि तेव्हा नदीला पूर नव्हता. पण डोंग्याचा दोष येथे ओळखणारा माणूस आहे, तो दुरुस्त करणारा सुतार आहे, आणि वाईट फळी काढून चांगली घालायला लाकूड तर दारातच आहे.

ज्यांना शिडाचाच ध्यास आहे त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत किंवा मुंबईच्या एखाद्या नौकाविहार मंडळात शिकावे, दुसऱ्याच्या नौकेवर दोन हंगाम दोर ओढावेत, आणि त्यानंतरही त्या खाडीतल्या नौकेचा विचार मनातून जात नसेल तर प्रथम खाडीकाठी भाड्याचे घर पाहावे, नौकेचा भाव मग विचारावा.