खर्र्याची तलफ चुंबकाने सुटेल?

अकोला-अमरावतीत जेवण झाले की अनेकांचा हात खर्र्याच्या पुडीकडे जातो. मेंदूला चुंबकीय लहरी देऊन ही तलफ कमी करता येते का?

उपचार काय?
‘टीएमएस’मध्ये डोक्यावर कॉइल ठेवून तलफ आणि संयमाशी संबंधित भागांतील पेशींना चालना देतात. भूल किंवा शस्त्रक्रिया लागत नाही. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. फिट येत असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

पुरावा किती?
सिगारेट सोडवण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याला मंजुरी दिली. २६२ जणांवरील चाचणीत १८ आठवड्यांत सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिलेले खऱ्या उपचारात १९.४, तर नकली उपचारात ८.७ टक्के होते. म्हणजे फायदा दुप्पट, तरी बहुतेकांची सिगारेट सुटली नाही.

वऱ्हाडात उपयोग?
ही चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेतात. त्यामुळे खर्रा सोडण्यासाठी यंत्राची वाट पाहू नका. समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीन गम किंवा औषधे, हा आजचा मार्ग. राष्ट्रीय मोफत क्विटलाइन : १८००-११-२३५६.