गंगेकाठच्या गच्चीवर लीक

मणिकर्णिका घाटाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे आपल्याला ठाऊक असतं. त्या घाटामागच्या गल्ल्यांत अंगण नाही, पण गच्च्या आहेत, आणि बनारसची थंडी लीकला, म्हणजे कांद्याच्या कुळातल्या या भाजीला, फार मानवते! डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. मैदानी भागात लीकला हवी तशीच हवा. एप्रिलनंतर मात्र इथे आशा सोडा, ऊन चाळिशी गाठतं.

बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये पेरा. हिमाचलच्या पालमपूर कृषी विद्यापीठाचा ‘पालम पौष्टिक’ हा वाण मिळाला तर उत्तम. दीड-दोन महिन्यांत रोपं पेन्सिलीएवढी जाड होतात. आता खरी गंमत. किमान फूटभर खोल कुंडीत गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत भरा, दर १५ सेंटीमीटरवर तेवढंच खोल भोक पाडा, त्यात रोप सोडा आणि भोक मातीने बुजवू नका. फक्त पाणी घाला, माती हळूहळू आपोआप आत सरकते. पुढे दांडा वाढेल तशी भर देत राहा. उजेड न लागलेला भागच पांढरा आणि कोवळा राहतो, आणि लीक लावायचं ते त्यासाठीच. लीकला कांद्यासारखा गड्डा धरत नाही, त्यामुळे वाट बघत बसू नका. दांडा दोन-तीन सेंटीमीटर जाड झाला की उपटा.

चिरण्याआधी दांडा उभा कापून धुवा, पदरांत माती अडकते. पीठ पेरून केलेली भाजी तर अप्रतिम होते. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या दिवशी मात्र तीही नको, कारण कूळ तेच.