टेबलटॉप आरपीजी म्हणजे काय, आणि त्यात मुली इतकी वर्षं कमी का होत्या?

नेटफ्लिक्सवरची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघितली असेल तर पहिल्या भागातली तळघरात टेबलाभोवती बसलेली चार पोरं आठवत असतील. फासे टाकतायत, ओरडतायत, समोर एक राक्षस आहे असं धरून घाबरतायत. मालिका १९८३ सालात सुरू होते आणि तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, लोकांच्या तोंडी डीअँडडी. पण त्या टेबलावर चारही मुलगेच आहेत हे तुमच्या लक्षात आलं होतं का? दिग्दर्शकांनी उगाच तसं दाखवलेलं नाही. त्या काळी खरंच तसंच होतं. आज चित्र बरंच बदललंय. मधल्या काळात नेमकं काय झालं, ते आज बघू.

आधी खेळ समजून घेऊ

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. लहानपणी भातुकली खेळला असाल तर तुम्ही हा खेळ अर्धा खेळलेलाच आहात. ‘तू बाबा हो, मी आई, हा आजारी पडलाय’ असं म्हणून गोष्ट पुढे न्यायची. टेबलटॉप आरपीजीत याला दोन गोष्टी जोडा: फासे आणि नियमपुस्तक. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो. तो किंवा ती जग उभं करते, बाकीचे एकेक पात्र घेतात. डीएम सांगते, “समोर पडका किल्ला आहे, दरवाजा आतून बंद.” तुम्ही म्हणता, “मी भिंत चढते.” मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तुमच्या पात्राच्या ताकदीचा आकडा मिळवायचा. बेरीज पुरेशी आली तर चढलात, नाहीतर धपकन खाली. पात्राचे सगळे आकडे एका कागदावर लिहिलेले असतात, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. हा कागद लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

सुरुवात कुठून झाली?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आणला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे छोटं गाव, टीएसआर नावाची नवी कंपनी, पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची. गंमत म्हणजे गायगॅक्सने खेळ तयार करताना तो सर्वांत आधी ज्यांच्यावर करून बघितला ती त्याचीच दोन मुलं होती: एर्नी आणि एलिस. म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या काही डीअँडडी खेळाडूंमध्ये एक लहान मुलगी होती!

मग पुढच्या मुली गेल्या कुठे?

हा खेळ वॉरगेमच्या पोटातून जन्मला. वॉरगेम म्हणजे टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया लढायच्या. त्याचे क्लब होते, आणि त्या क्लबांत जवळपास सगळे पुरुष. डीअँडडी आधी त्याच लोकांच्या हातात गेला. पहिल्या खोक्यात तीन पुस्तिका होत्या, त्यातल्या पहिलीचं नावच ‘मेन अँड मॅजिक’. त्यात हा खेळ एकट्याने वाचून कळण्यासारखा नव्हता, कुणीतरी बसवून शिकवावा लागायचा. मित्र मित्राला आणायचा, तो त्याच्या मित्राला. एखादा व्हॉट्सॲप ग्रुप ॲडमिनच्या फोनबुकातूनच भरतो ना, तसंच. गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी मिनिॲपोलिसच्या खेळाडूंमध्ये बसून अभ्यास केला. १९८३ मध्ये आलेल्या त्याच्या ‘शेअर्ड फँटसी’ या पुस्तकात बायकांची संख्या अगदीच तुटपुंजी का, याची चर्चा आहे, आणि खेळाडू कोणामार्फत येतात हा त्यातला एक मुद्दा आहे.

नियमांतच लिहिलेली मर्यादा

आता त्या कागदाकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण खेळाचे नियम हे एका अर्थी सॉफ्टवेअरच असतात. त्यात जे लिहिलंय तेच त्या जगात शक्य असतं.

ऑक्टोबर १९७६ मध्ये ‘द ड्रॅगन’ या मासिकाच्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्का यांनी स्त्री-पात्रांसाठी वेगळे नियम सुचवले. त्यात ताकद कमी, आणि ‘करिष्मा’ या गुणाच्या जागी ‘सौंदर्य’! वर भुरळ घालणे वगैरे खास शक्ती. हेतू बायकांना खेळात आणण्याचा होता असं लेखाचं शीर्षकच सांगतं. आता काय बोलायचं.

ते मासिकापुरतं होतं म्हणून सोडून देऊ. पण १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड डीअँडडी’च्या अधिकृत प्लेअर्स हँडबुकमध्येही स्त्री-पात्राच्या ताकदीला कमाल मर्यादा छापलेली होती. ती कशी चालायची ते बघा. ताकद म्हणजे सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज, जास्तीत जास्त १८. लढवय्या पात्राला १८ मिळाले की तो आणखी एकदा टक्क्यांचे फासे टाकतो, १ ते १००. माणूस-पुरुष पूर्ण १०० पर्यंत जाऊ शकतो, माणूस-स्त्री फक्त ५० पर्यंत. १०० वाल्याला वार लागण्यासाठी ३ आणि इजेसाठी ६ जादा मिळतात, ५० वालीला १ आणि ३.

आता गणित करू. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये १. त्यातही ५० च्या वर जाणारे निम्मे. म्हणजे हा नियम प्रत्यक्षात लागू होणार ४३२ लढवय्यांमध्ये एखादीला! खेळाच्या समतोलासाठी याचा उपयोग जवळजवळ शून्य. मग तो कशासाठी होता? ‘वास्तव’ म्हणून. जिथे ड्रॅगन उडतो आणि मंत्र म्हटला की आगीचा गोळा फुटतो, तिथे वास्तवाची आठवण नेमकी बाईच्या दंडाशी आली. इतर जमातींत तर हे आणखी बोचतं. हाफलिंग म्हणजे बुटक्या लोकांत पुरुषाची मर्यादा १७, बाईची १४. तीन फाशांवर १५ किंवा जास्त येतात २१६ पैकी २० वेळा, म्हणजे साधारण अकरा पात्रांमागे एकीचा आकडा कापला जाणार. बदल्यात दुसरा कुठला गुण वाढवून दिलाय का? तर नाही.

आणि फासे काहीही पडोत, तो तक्ता पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या नजरेस पडत होता. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा हा नियम काढून टाकला. खेळाचं काहीही बिघडलं नाही.

बायका नव्हत्याच, असंही नाही

‘मुलींना हे आवडतच नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी नावं. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे खेळाडूंनीच लिहिलेलं नियतकालिक सुरू केलं आणि पुढची अनेक दशकं चालवलं. खेळाबद्दलचे वाद, नवे नियम, सगळं तिथे घासूनपुसून निघायचं. डार्लीन या चित्रकर्तीने १९८० मध्ये काढलेला ‘ग्रेहॉक’चा नकाशा लोक आजही फ्रेम करून लावतात. ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) या गाजलेल्या साहसाच्या सहलेखिका लॉरा हिकमन, ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांच्या सहलेखिका मार्गारेट वाइस.

आणि जीन वेल्स. टीएसआरने घेतलेली पहिली स्त्री डिझायनर. ‘ड्रॅगन’ मासिकातलं नियमांच्या शंकांची उत्तरं देणारं ‘सेज ॲडव्हाइस’ हे सदर सुरुवातीला त्याच लिहायच्या. त्यांचं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ १९८१ मध्ये छापून झाल्यावर त्यातल्या काही चित्रांवरून कंपनीने परत मागवलं, आणि नंतर टॉम मोल्डवेने नव्याने लिहिलेली आवृत्ती विकली. वेल्स यांच्या मूळ आवृत्तीच्या उरलेल्या थोड्या प्रती आज संग्राहक भरपूर पैसे मोजून घेतात.

मग बदल कशाने झाला?

१९९१ मध्ये ‘व्हँपायर: द मास्करेड’ आला. आधुनिक शहर, रात्र, रक्तपिपासू, त्यांच्यातलं राजकारण. हा खेळ अनेक मुलींनी उचलला. यावरून ‘बायकांना भावना आवडतात, पुरुषांना मारामारी’ असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. माझ्या ओळखीच्या मुली कुऱ्हाड चालवायला सगळ्यात पुढे असतात. फरक इतकाच की हा खेळ वॉरगेम क्लबच्या दारातून आला नाही. भयकादंबऱ्या वाचणारे, नाटक करणारे, गॉथ संगीत ऐकणारे, अशा वेगळ्याच फोनबुकांतून तो पसरला आणि त्या फोनबुकांत मुली होत्या.

पुढचं मोठं दार इंटरनेटने उघडलं. २०१२ मध्ये रोल२० आलं, ज्यात नकाशा, फासे, कॅरेक्टर शीट सगळं ब्राउझरमध्ये. आता ओळखीच्या टोळक्यावर अवलंबून राहायची गरज नाही, रात्री कुणाच्या घरी जायचा प्रश्न नाही, टेबल आवडलं नाही तर बाहेर पडायला एक क्लिक. त्यानंतर मार्च २०१५ मध्ये ट्विचवर ‘क्रिटिकल रोल’ सुरू झालं, तेही फेलिशिया डे या अभिनेत्रीने सहसंस्थापित केलेल्या ‘गीक अँड सन्ड्री’ या चॅनेलवर. लॉरा बेली, मारिशा रे, ॲशली जॉन्सन या अभिनेत्री तासन्‌तास खेळताना लाखो लोकांनी पाहिल्या. खेळ शिकवणारा मित्र लागायचा ना? आता तो स्क्रीनवर होता.

डीअँडडीची आजची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०२० च्या सुमारास दिलेल्या आकड्यांनुसार सुमारे ४० टक्के खेळाडू स्त्रिया होत्या. कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, तेव्हा थोडं मीठ घालून घ्या. पण लिहिणारेही बदललेत: २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत पुस्तकात बंगालच्या मातीतून आलेलं ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ हे साहस आहे. ते लिहिलंय मिमी मंडल या भारतीय लेखिकेने.

नियम बदलले, टेबलाचं काय?

मी नवीन असताना एका ऑनलाइन टेबलावर माझं पात्र होतं एक बुटकी, दाढीवाली लोहारीण. तरी प्रत्येक गावात, प्रत्येक खानावळीत डीएमचं कुणी ना कुणी पात्र तिची छेड काढायचंच. बाकीचे हसायचे. नियमपुस्तकातला एकही नियम मोडला जात नव्हता. तिसऱ्या बैठकीनंतर मी गेले नाही, आणि ‘मुली टिकत नाहीत’ या यादीत बहुधा माझी भर पडली.

अशासाठी आता काही साधी साधनं वापरतात. ‘एक्स-कार्ड’ हे जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी तयार केलेलं: टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड, कुणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. ‘लाइन्स अँड व्हेल्स’मध्ये आधीच ठरवतात की कोणत्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कोणत्या पडद्याआड घडतील. ‘सेशन झीरो’ म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बोलणी. २०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात त्यावर अधिकृत मार्गदर्शनच आहे. काही जुने खेळाडू म्हणतात, याने मजा जाते. मी आता स्वतः डीएम आहे, आमच्या पाच जणांत तिघी आहोत, आणि एक्स-कार्डाला आजवर दोनदाच हात लागलाय. दोन्ही वेळा मुलांचा.

सुरू करायचं असेल तर खर्च नाही. डीअँडडीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. श्रेय दिलं की त्यांचं मराठी भाषांतर करायलाही कुणाची परवानगी लागत नाही. अनोळखी टेबलावर जात असाल तर डीएमला आधी विचारा: सेशन झीरो आहे का? उत्तर “ते काय असतं?” असं आलं तर समजावून सांगा. “त्याची काय गरज?” असं आलं तर दुसरं टेबल शोधा.