पक्षी म्हणून पाठवला, भांडं म्हणून अडवला!

ऑक्टोबर १९२६. फ्रान्सहून आलेल्या बोटीतून न्यूयॉर्क बंदरात काही खोकी उतरली. त्यातल्या एकातून बाहेर आली ब्राँझची एक निमुळती, उभी, आरशासारखी चकाकणारी आकृती. कागदावर नाव ‘अवकाशातील पक्षी’. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी ती सगळीकडून न्याहाळली. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत, एक पीससुद्धा नाही! कलाकृती असती तर जकात माफ होती. पण त्यांनी ती ‘स्वयंपाकघरातली भांडी आणि हॉस्पिटलचं साहित्य’ या गटात टाकली आणि ४० टक्के जकात लावली.

शिल्पकाराचं नाव कॉन्स्टँटिन ब्रँकुशी. जन्माने रुमानियन, कर्मभूमी पॅरिस. ब्राँझ, लाकूड आणि दगड या तिन्हींत त्याने जे करून ठेवलं, त्यावर पुढच्या शंभर वर्षांतल्या शिल्पकारांचं पोषण झालं. आणि या गोष्टीत आपल्या इंदूरच्या होळकरांचं एक झकास प्रकरण आहे. त्याकडे येऊच, आधी कोर्टात डोकावू.

साक्षीदार, शपथेवर सांगा, हा पक्षी आहे का?

मूर्ती विकत घेतली होती प्रसिद्ध फोटोग्राफर एडवर्ड स्टायकनने. अमेरिकी संग्राहक गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांनी खर्चाचा भार उचलला आणि ‘ब्रँकुशी विरुद्ध अमेरिका’ असा खटला उभा राहिला. स्टायकनला साक्षीत विचारलं गेलं, की हा जंगलात दिसला असता तर तुम्ही पक्षी समजून गोळी झाडली असती का? तो म्हणाला, नाही. तरीही पक्षी हे नाव त्याने सोडलं नाही.

कायद्याचे प्रश्न दोन होते. एक, शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची हुबेहूब नक्कल, ही जुनी व्याख्या अजून धरायची का? दुसरा जास्त मजेदार: हा अस्सल हातचा नमुना आहे की कारखान्यातून निघालेला माल? ब्रँकुशीने लेखी जबाब दिला. ओतीव ब्राँझ साच्यातून निघालं की काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं. मग कानस, आणि शेवटी बारीक पूड घेऊन घासत बसायचं, जोवर तेज येत नाही तोवर. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. २६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल लागला. वस्तू पक्ष्यासारखी दिसत नसली तरी देखणी आहे, कलाकाराच्या हातची आहे, आणि कलेत आता नवे विचार आलेत, असं न्यायालयाने मान्य केलं. जकात रद्द! अमूर्त कलेला कायद्याच्या दारातून आत घेणाऱ्या पहिल्या मोठ्या निकालांत हा मोजला जातो.

खोक्याच्या लाकडाचं व्हायोलिन

ब्रँकुशी १९ फेब्रुवारी १८७६ ला होबित्सा या खेड्यात जन्मला. लहानपणी मेंढरं राखली, कोवळ्या वयात घर सोडलं, क्रायोव्हा शहरात खानावळीत कामाला लागला. तिथे त्याने साध्या खोक्याच्या फळ्यांपासून व्हायोलिन बनवलं, आणि त्या कारागिरीमुळे लोकांनी त्याला कलाशाळेत घालायचं मनावर घेतलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

पुढे बुखारेस्टच्या कलाशाळेत त्याने एक भन्नाट गोष्ट केली. डॉक्टर गेरोटा यांच्या मार्गदर्शनाखाली कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा घडवला, एकेक स्नायू जागच्या जागी. तो वैद्यकीय शिक्षणात वापरला गेला! ब्रँकुशीला शरीर जमत नव्हतं म्हणून त्याने अंडी आणि लंबगोल घडवले, असं म्हणणाऱ्यांनी हा पुतळा जरूर पाहावा. आधी त्याने सगळं शिकून घेतलं. मगच एकेक गोष्ट गाळली.

पॅरिसला तो गेला बराचसा पायी. वाटेत पैसे संपले, आजारी पडला, शेवटचा टप्पा मात्र रेल्वेने. १९०४ च्या जुलैत पोहोचला. हॉटेलात भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये गायला. १९०७ मध्ये खुद्द रोदँच्या स्टुडिओत काम मिळालं. जगातला सर्वांत नावाजलेला शिल्पकार, त्याच्या हाताखाली काम! ब्रँकुशी एक-दोन महिन्यांतच बाहेर पडला. मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही, अशा अर्थाचं त्याचं उत्तर अजून सांगितलं जातं.

बाहेर पडून त्याने काय केलं? रोदँच्या स्टुडिओत शिल्पकार मातीत नमुना करायचा आणि मदतनीस तो संगमरवरात उतरवायचे. ब्रँकुशीने सरळ दगडावर छिन्नी ठेवली. रोदँचं ‘चुंबन’ जगभर गाजलेलं. ब्रँकुशीने त्याच नावाचं शिल्प केलं, पण एकाच चौकोनी दगडात, दोन माणसं एकमेकांना अशी बिलगलेली की दोघांत मिळून एकच डोळा दिसतो. दगड दगडच राहिला आणि प्रेमही दिसलं.

एक पक्षी, सोळा अवतार

आता मुख्य मुद्दा. ब्रँकुशीकडे विषय थोडे होते: पक्षी, मासा, झोपलेलं डोकं, चुंबन, स्तंभ. तेच तो तीस-चाळीस वर्षं घडवत राहिला. ‘अवकाशातील पक्षी’चेच साधारण सोळा नमुने आहेत, काही संगमरवरात, काही ब्राँझमध्ये. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का?

कारण द्रव्य बदललं की पक्षी बदलतो. ब्राँझचा पक्षी इतका घासलेला असतो की त्यात खोली दिसते, खिडकी दिसते, बघणारा स्वतः दिसतो. आपण हललो की प्रकाश वरपासून खालपर्यंत सरकतो आणि धातूचं वजनच नाहीसं होतं. पांढऱ्या संगमरवरात प्रकाश किंचित आत मुरतो, कडा मऊ होतात. काळ्या संगमरवरात उलट. आकृती कापल्यासारखी धारदार उभी राहते. शिवाय दगडाला स्वतःचं भय असतं. पक्ष्याचा देह खाली जिथे चिंचोळा होऊन पायथ्याला टेकतो, तिथे संगमरवर जरा जास्त बारीक झाला की काडकन मोडणार. ब्राँझ ती बारीक कंबर सहज पेलतं. म्हणून प्रत्येक नमुन्याची मापं त्याने नव्याने बसवली. एका साच्यातून दहा प्रती काढणं त्याला मान्यच नव्हतं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी: त्याने धातूला, दगडाला आणि लाकडाला आपापल्या तऱ्हेने वागू दिलं.

आणि बैठका! शिल्पाखालचा चौथरा हा आपल्याकडे गवंड्याचा विषय. ब्रँकुशी तोही स्वतः घडवायचा. चकचकीत ब्राँझखाली खडबडीत चुनखडीचा दगड, त्याखाली करवतीचे दात दिसणारं ओकचं लाकूड. गुळगुळीत आणि राकट एकमेकांवर उभे. त्याचं शिल्प पाहताना नजर आधी जमिनीकडे न्या, मग वर चढा. निम्मी गंमत तिथे आहे.

लाकूड: मण्यावर मणी

पक्षी त्याने लाकडात केला नाही. लाकडासाठी वेगळे विषय: आदम आणि हव्वा, सॉक्रेटिस, आणि एकावर एक मणी रचल्यासारखा ‘अंतहीन स्तंभ’. जुन्या इमारतींच्या ओकच्या तुळया आणायच्या, करवत-कुऱ्हाडीने कापायच्या, घाव तसेच ठेवायचे. ब्राँझ घासून आरसा करणारा हाच माणूस लाकडावर सहसा पॉलिशचा हातही फिरवत नसे.

१९१८ चा पहिला ओकचा स्तंभ जेमतेम दोन मीटरचा. वीस वर्षांनी रुमानियातल्या तर्गू जिऊ गावात तोच झाला २९ मीटरहून उंच! पहिल्या महायुद्धात गाव वाचवताना पडलेल्या सैनिकांचं हे स्मारक. आतला कणा पोलादी, बाहेर ओतीव लोखंडाचे पितळी मुलामा दिलेले १५ पूर्ण मणी, तळाला अर्धा आणि शेंड्याला अर्धा. तो वरचा अर्धा मणीच खरी करामत आहे. स्तंभ तिथे संपत नाही, डोळा पुढचा अर्धा आभाळात शोधत राहतो. मण्याचं माप ४५, ९०, १८० सेंटिमीटर, म्हणजे दर वेळी दुप्पट.

१९५० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीत हा स्तंभ भंगारात काढायचं ठरलं. दोर लावून ट्रॅक्टरने ओढला. पडला नाही! २०२४ मध्ये युनेस्कोने तर्गू जिऊचं संपूर्ण शिल्पसंकुल जागतिक वारशात घेतलं.

इंदूरचं न झालेलं मंदिर

आता होळकर. महाराज यशवंतराव दुसरे आणि त्यांच्या पत्नी संयोगिताराजे. या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. (राजर्षी शाहू महाराजांचं जन्मघराणंही कागलच्या घाटग्यांचंच.) विशीतलं हे मराठी जोडपं युरोपात वावरलं ते तिथल्या ताज्या कलेचा शोध घेत. फोटोग्राफर मॅन रे याने त्यांचे फोटो काढले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसने अगदी आधुनिक थाटात सजवला. कलेच्या खरेदीत सल्लागार होता आंरी-पियेर रोशे, ज्याने पुढे ‘ज्यूल ए जिम’ ही कादंबरी लिहिली.

रोशे महाराजांना ब्रँकुशीच्या स्टुडिओत घेऊन गेला. महाराजांनी ब्राँझचा पक्षी घेतला, आणि मग एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा, असे आणखी दोन घडवून घेतले. एकच आकार, तीन द्रव्यं, एकाच घरात. ब्रँकुशीला आयुष्यभर जे म्हणायचं होतं, ते या तरुण राजाने नेमकं हेरलं. भारतातल्या कलासंग्रहाच्या इतिहासात इतकी धारदार नजर क्वचित सापडते, आणि आपल्याकडे तिचा उल्लेखही फारसा होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे कल्पना आली मंदिराची. मूर्तिपूजेचं नव्हे, ध्यानाचं. मध्ये पाणी, भोवती तीन पक्षी, वरून येणारा प्रकाश. त्यासाठी ब्रँकुशीने लाकडातही एक आकृती योजली होती: सुमारे तीन मीटर उंच, ओकची, ‘राजांचा राजा’. तिला ‘बुद्धाचा आत्मा’ असंही नाव होतं. तिच्या मधल्या भागावर मळसूत्राचे आटे आहेत, द्राक्षं पिळायच्या जुन्या लाकडी यंत्राला असावेत तसे. म्हणजे ब्राँझ, दगड आणि लाकूड, त्याची तिन्ही माध्यमं इंदुरात एका छताखाली येणार होती!

१९३७ च्या जुलैत संयोगिताराजे अकाली गेल्या. तरी त्या हिवाळ्यात साठी ओलांडलेला ब्रँकुशी तर्गू जिऊचं काम मध्येच ठेवून इंदूरला आला आणि महिनाभर राहिला. पण मंदिराची एक वीटही रचली गेली नाही. तो परतला आणि पुन्हा स्तंभाच्या कामाला लागला.

योगायोग पाहा: ज्या पक्ष्याला अमेरिकेच्या कस्टमने अडवलं, त्याच्या तीन भावंडांचं इंदुरातलं घर, माणिकबाग, पुढे कस्टम आणि अबकारी खात्याचंच कार्यालय झालं.

चटचट आणखी काही

‘लेडा’ हे ब्राँझचं शिल्प त्याने चकचकीत धातूच्या तबकडीवर ठेवून खाली मोटर बसवली. शिल्प संथ गोल फिरतं आणि त्याचं प्रतिबिंबही.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याच्या ‘मादमोझेल पोगनी’ या मुखशिल्पाला वर्तमानपत्रांनी उकडलेलं अंडं ठरवलं. त्याने पुढे त्याच डोक्याचे आणखी सोपे नमुने केले!

१९२७ मध्ये इसामू नोगुची त्याचा मदतनीस होता. नोगुचीला फ्रेंच येत नव्हतं, ब्रँकुशीला इंग्रजी. शिकवणी हातवाऱ्यांनी चालली, आणि नोगुची विसाव्या शतकातला मोठा शिल्पकार झाला.

आपल्या शिल्पांचे फोटो तो स्वतःच काढायचा. कॅमेऱ्याचे प्राथमिक धडे मॅन रेचे. ब्राँझवरून उसळणारा प्रकाश फोटोत भडकला तरी त्याला तो हवाच असायचा.

पाहुण्यांना तो स्टुडिओतच स्वतः बांधलेल्या भट्टीवर रांधून घालायचा, स्वतः घडवलेल्या बैठकांवर बसवून.

२०१८ मध्ये त्याचं ‘ला जन फीय सोफिस्तिके’ हे ब्राँझ लिलावात ७ कोटी १० लाख डॉलरला गेलं. भांडं म्हणून लागलेली जकात होती २४० डॉलर.

नको म्हटलेला नजराणा

आयुष्याच्या उत्तरार्धात शिल्पं स्टुडिओत कशी मांडली जातात, हेच त्याच्यासाठी शिल्प झालं. एखादं विकलं की त्या जागी तो प्लॅस्टरची प्रत ठेवायचा, मांडणी बिघडू नये म्हणून. हा ठेवा रुमानियाला द्यायची तयारी होती, पण १९५१ मध्ये तिथल्या राजवटीने तो नाकारला. १९५२ मध्ये ब्रँकुशी फ्रेंच नागरिक झाला आणि १९५६ मध्ये सगळं फ्रान्सच्या सरकारला देऊन टाकलं. अट एकच: स्टुडिओ जसाच्या तसा पुन्हा उभारायचा. १६ मार्च १९५७ ला तो गेला. माँपार्नासच्या ज्या दफनभूमीत तो आहे, तिथेच एका कबरीवर त्याचं ‘चुंबन’ही उभं आहे. स्टुडिओ १९९७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राशेजारी पुन्हा उभारला गेला, वास्तुकार रेन्झो पियानो.

आणि होळकरांचे तीन पक्षी? ब्राँझचा कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये. पांढरा आणि काळा १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाने विकत घेतले. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत दोघं सोबत आहेत. सिडनी-मेलबर्नला लेकीकडे, मुलाकडे जाणारे मराठी आईबाबा आता कमी नाहीत. कॅनबेराची सहल ठरली तर संसद भवनाआधी इथे जा, आणि पाटीवर होळकरांचं नाव शोधा.