नांगर कोणाचा चांगला?

नांगर किर्लोस्करांचा चांगला कीं कूपरचा, हा कोल्हापूर-सातारा भागांतील शेतकऱ्यांचा एके काळचा जिव्हाळ्याचा वाद. एकानें आपल्या नांगराची तरफदारी करावी आणि शेजाऱ्यानें ती हंसत खोडून काढावी. परंतु या गोड वादापूर्वीं एक कडू वाद होऊन गेला होता : शेतांत लोखंड घालावें कीं नाहीं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर केले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या भीतीनें ते दोन वर्षें पडून राहिले. लांकडी नांगर माती नुसती चिरतो. लोखंडी नांगराचा फाळ ती खोल कापतो व मागील वक्र पत्रा ती उलथी करतो. हरळीच्या मुळ्या उन्हांत येऊन वाळतात. हा गुण दिसला तशी भीति ओसरली. पहिल्या महायुद्धांत लोखंड दुर्मिळ झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं संस्थानांतील जुन्या तोफा किर्लोस्करांस वितळविण्यासाठीं दिल्या. पुढें १९२२ सालीं धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा भागांत निघाला आणि निवडीस वाव मिळाला.

निवडीची खरी कसोटी मात्र छाप ही नव्हे. ऐन नांगरटींत फाळ झिजला, तर ज्याचा नवा फाळ जवळच्या पेठेंत मिळेल, त्याचाच नांगर चांगला. आज ट्रॅक्टर व कापणी-यंत्रें यांच्याबाबतींतहि हीच कसोटी लागू पडते. लोखंड हवें कीं नको हा प्रश्न मिटून, लोखंड कोणाचें एवढाच उरला, हें त्या जुन्या चढाओढीचें फलित होय.